मांडवातली पोथी आणि मे महिन्यातली सभा

वसईहून दिव्याकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर कामण रोड नावाचे स्थानक आहे. तुंगारेश्वरच्या डोंगराकडची ही गावे. चिंचोटीहून कामणमार्गे भिवंडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आता ट्रकांची रांग संपत नाही. पण इथली जुनी शेती भाताची आणि तीही पावसावरची. दिवाळीच्या आगेमागे कापणी होते, मग झोडणी, आणि मृगाचा पाऊस येईपर्यंत खाचरे मोकळी राहतात. वसई-भिवंडी पट्ट्यातल्या आगरी-कुणबी गावांनी या मोकळ्या महिन्यांत एक आठवडा वाचनासाठी राखून ठेवला. कुठे तो माघात येतो, कुठे हनुमान जयंतीच्या सुमारास, कुठे वैशाखात. नाव मात्र सगळीकडे एकच: अखंड हरिनाम सप्ताह.

सप्ताहाला उत्सव म्हणतात आणि तो उत्सव आहेच. पण त्याचे वेळापत्रक नीट पाहिले, तर त्यात एका मोठ्या ग्रंथाच्या सामुदायिक वाचनाची काटेकोर व्यवस्था दिसते. पहाटे काकडा होतो. सकाळी ज्ञानेश्वरीचे पारायण, दुपारी पंगत, मग गाथ्यावरचे भजन. उन्हे कलल्यावर प्रवचन, दिवेलागणीला हरिपाठ, रात्री कीर्तन आणि त्यानंतर जागर. वीणा सातही दिवस खाली ठेवायची नसते, म्हणून विणेकऱ्यांचे पहारे लावलेले असतात. पारायणाला बसणाऱ्यांना ‘वाचक’ म्हणतात आणि त्यांच्या पुढे बसून वाचनाची गती सांभाळणारा तो व्यासपीठचालक. शेवटी काल्याचे कीर्तन होते आणि मांडव उतरतो.

ज्ञानेश्वरीत सुमारे ९,००० ओव्या आहेत. सात दिवसांत त्या पुऱ्या करायच्या, तर रोज सरासरी १,३०० ओव्या वाचाव्या लागतात. अध्यायही सारखे नाहीत. बारावा अध्याय अडीचशे ओव्यांच्या आत संपतो, अठरावा १,८०० ओलांडतो. त्यामुळे कुठल्या दिवशी कुठे थांबायचे, हे आधी ठरवावे लागते. ज्याला अक्षर येत नाही, तोही मांडवात बसतो, कानाने वाचतो आणि वर्षागणिक ओव्या पाठ करतो. मराठी मुलखात छापखाना आणि वाचनालय येण्याच्या कितीतरी आधी एवढा मोठा ग्रंथ सामान्य माणसापर्यंत पोचला, तो या ऐकण्यातून.

सात दिवसांची ही चौकट भागवतातली. परीक्षिताला सातव्या दिवशी मृत्यू येणार असतो, आणि त्या सात दिवसांत शुकमुनी त्याला कथा सांगतात. मरणाची मुदत ठरलेली असताना माणसाने काय ऐकावे, हा त्या कथेमागचा प्रश्न आहे. मराठीने ही चौकट घेतली आणि तीत आपले ग्रंथ बसवले. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, नेवाशात पुरी झाली. पुढच्या तीन शतकांत नकला होता होता तिच्यात पाठभेद शिरले. पैठणच्या एकनाथांनी शके १५०६, म्हणजे १५८४ साली, प्रती ताडून तिचा शुद्ध पाठ सिद्ध केला आणि त्यात कोणी आपली ओवी घुसडू नये, असे बजावले. ग्रंथ सगळ्यांनी मिळून वाचायचा, तर सगळ्यांच्या हातात एकच पाठ असायला हवा. एकनाथांच्या संपादनाने ती सोय केली.

या परंपरेत ग्रंथाचा अर्थ उलगडायला जागा आहे. प्रवचनकार एकच ओवी घेतो आणि तासभर तिच्यावर बोलतो. कीर्तनकार एक अभंग निरूपणाला घेतो, त्याला इतर संतांची प्रमाणे जोडतो आणि श्रोत्यांना पटेपर्यंत अर्थ फोडतो. मात्र श्रोत्याने मध्येच उठून ‘हे मला पटत नाही’ म्हणावे, अशी रीत मांडवात नाही. ती जागा मराठी वाचकाला मिळाली एकोणिसाव्या शतकात, आणि तीही उन्हाळ्यातच.

इंग्रजी राज्याने नवे वेळापत्रक आणले होते. शाळा-कॉलेजे एप्रिल-मेमध्ये बंद होऊ लागली, न्यायालयांना उन्हाळी सुट्टी लागू लागली. शेतकऱ्याचे मोकळे महिने आणि वकील, मास्तर, कारकून यांची सुट्टी एकाच ऋतूत आली. या सुट्टीचा उपयोग पुण्यात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी ओळखला. १८७५ साली वक्तृत्वोत्तेजक सभा आणि तिची वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. उन्हाळ्यात रोज संध्याकाळी एक विषय, एक वक्ता आणि समोर कोणीही येऊन बसावे अशी सभा, हे तिचे स्वरूप. इतिहास, अर्थकारण, धर्म, साहित्य असे सगळे विषय तिथे आले. ही व्याख्यानमाला आजही एप्रिल-मेमध्ये महिनाभर चालते. नाशिकनेही असेच वळण घेतले. तिथली वसंत व्याख्यानमाला मे महिन्यात गोदाकाठी, देवमामलेदार यशवंतराव महाराजांच्या पटांगणावर उघड्यावर भरते.

त्याच काळात अमेरिकेतही असाच एक प्रयोग उभा राहत होता. १८७४ च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या शटॉक्वा सरोवराकाठी रविवारच्या धर्मशिक्षणाच्या शाळांतल्या शिक्षकांसाठी उन्हाळी शिबिर भरले. पाहता पाहता तिथे साहित्य आणि विज्ञानाची व्याख्याने होऊ लागली. १८७८ साली तिथे एक वाचक मंडळ निघाले. घरी बसून चार वर्षे ठरावीक ग्रंथ वाचायचे आणि उन्हाळ्यात सरोवराकाठी जमायचे, असा त्याचा क्रम होता. पुणे आणि शटॉक्वा यांच्यात समुद्र होते. तरी कामाच्या वर्षात सुट्टी नावाची नवी मोकळीक आली, तेव्हा दोन्हीकडच्या शिकलेल्या माणसांना ती एकत्र बसून शिकण्यासाठी वापरावीशी वाटली.

१८७८ हे साल मराठीतही महत्त्वाचे आहे. त्या वर्षी ७ फेब्रुवारीला ‘ज्ञानप्रकाश’मध्ये रानडे आणि लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख यांचे आवाहन छापून आले. ग्रंथकारांनी एकत्र जमावे, असे त्यात म्हटले होते. त्याप्रमाणे ११ मे रोजी पुण्याच्या हिराबागेत सभा भरली आणि रानडे अध्यक्ष झाले. आज ज्याला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन म्हणतात, त्याची सुरुवात इथे मानली जाते. दुसरी सभा १८८५ च्या मे महिन्यात पुण्यातच झाली. त्यानंतर वीस वर्षांचा खंड पडला. १९०५ साली साताऱ्याला ग्रंथकार पुन्हा जमले. पुढच्याच वर्षी पुण्याच्या संमेलनात, २७ मे १९०६ रोजी, महाराष्ट्र साहित्य परिषद स्थापन झाली. मराठी साहित्याच्या थोरल्या संस्था अशा भर उन्हाळ्यात जन्मल्या.

रानड्यांना सभेची ही कल्पना सुचली, ती केवळ इंग्रजी वाचून नव्हे. ते मुंबईच्या प्रार्थना समाजातले. समाज १८६७ साली निघाला आणि त्याच्या उपासनेत तुकोबांच्या अभंगांना मानाची जागा होती. अभंग निरूपणाला घेऊन रानडे तिथे प्रवचने करीत. याच सुमारास सरकारने तुकोबांच्या गाथ्याच्या संपादनासाठी २४,००० रुपये दिले. विष्णु परशुराम शास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी हस्तलिखिते मिळवून, ताडून तो गाथा दोन भागांत सिद्ध केला, आणि १८६९ साली इंदुप्रकाश छापखान्यातून त्याचा पहिला भाग बाहेर पडला. एकनाथांनी ज्ञानेश्वरीसाठी केलेले काम आता छापील अक्षरांत तुकोबांसाठी झाले. पुढे १९०० साली मराठी सत्तेच्या उदयावरचे रानड्यांचे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यात संतांवर स्वतंत्र प्रकरण आहे. जो मराठी समाज राज्य उभारतो, तो त्याआधी अभंग ऐकून घडलेला असतो, हे त्यांना ठाम वाटत होते. मांडव आणि सभागृह यांच्यातला पहिला पूल रानड्यांनी बांधला.

पण सभागृहाची दारे कोणासाठी उघडी होती?

हा प्रश्न जोतीराव फुल्यांनी विचारला. १८८५ च्या सभेचे निमंत्रण रानड्यांनी त्यांना पाठवले होते. दोघांमध्ये वैर नव्हते. १८७५ साली पुण्यात स्वामी दयानंदांची मिरवणूक निघाली आणि सनातन्यांनी दंगा मांडला, तेव्हा फुले आपल्या माणसांसह रानड्यांच्या बाजूने उभे राहिले होते. तरी हे निमंत्रण त्यांनी नाकारले. ते पत्र ‘ज्ञानोदय’ने ११ जून १८८५ च्या अंकात छापले. ज्यांच्या पूर्वजांनी शूद्रातिशूद्रांना माणुसकीचे हक्क नाकारले, आणि जे आजही ते उघडपणे देऊ करीत नाहीत, त्यांच्या सभा आणि त्यांची पुस्तके आमच्या सभांशी व पुस्तकांशी जुळत नाहीत, असा त्या पत्राचा आशय होता. फुल्यांच्या हाताशी तेव्हा ‘गुलामगिरी’ होती, ‘शेतकऱ्याचा असूड’ होता. त्यांचा वाचक हिराबागेत येत नव्हता. तो गावोगावच्या सत्यशोधक मेळाव्यांत बसत होता. मोठे साहित्य कोणते हे ठरवायला कोण बसणार, ते आधी ठरवा, असे फुले सुचवत होते. पुढच्या शंभर वर्षांतल्या मराठी साहित्याला हा प्रश्न टाळता आला नाही.

कामण-वसईचा मुलूख तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता, आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा होईपर्यंत तो तिथेच राहिला. या ठाण्यात विनायक लक्ष्मण भावे नावाचे गृहस्थ मिठाचा धंदा करीत आणि जुन्या मराठी पोथ्या शोधत फिरत. १ जून १८९३ रोजी त्यांच्या पुढाकाराने ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झाले. मराठी पुस्तकांसाठीच काढलेले असे हे पहिले ग्रंथसंग्रहालय. मुंबईत तसे संग्रहालय व्हायला आणखी पाच वर्षे जावी लागली. भाव्यांनी ‘महाराष्ट्र कवि’ मासिकातून जुनी कविता छापली आणि ‘महाराष्ट्र सारस्वत’ लिहून मराठी वाङ्मयाचा इतिहास मांडला. मांडवात पिढ्यान्‌पिढ्या ऐकलेल्या ग्रंथांना आता कपाट मिळाले, सूची मिळाली, कालक्रम मिळाला. पोथी देव्हाऱ्यातून टेबलावर आली, की तिच्याशी वाद घालता येतो.

असा वाद घालणारी लहान मंडळेही निघाली. पुण्यात १९२३ साली उभे राहिलेले रविकिरण मंडळ हे त्यांतले सर्वांत नावाजलेले. माधव जूलियन, यशवंत, गिरीश, श्रीधर आणि मनोरमा रानडे ही आणि आणखी काही मित्रमंडळी रविवारी चहाच्या निमित्ताने जमत, एकमेकांच्या कविता ऐकत आणि त्यांवर बोलत. पुढे यशवंत-गिरीश गावोगाव कविता गाऊन दाखवू लागले. ते ऐकायला येणारा माणूस कीर्तनाने तयार केलेलाच होता.

या साऱ्या इतिहासात एक उन्हाळा मात्र वेगळा उठून दिसतो. तो १९३२ चा, धुळ्याच्या तुरुंगातला.

कायदेभंगाच्या चळवळीत महाराष्ट्रभरचे कार्यकर्ते तेव्हा पकडले गेले होते. धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे होते, साने गुरुजी होते, जमनालाल बजाज होते. सोबत्यांनी विनोबांना गीतेवर बोलण्याची गळ घातली. २१ फेब्रुवारी १९३२ हा रविवार होता. त्या दिवशी विनोबांनी पहिल्या अध्यायावर प्रवचन केले. मग दर रविवारी एक अध्याय. फाल्गुन सरला, वैशाख वणव्यासारखा तापला, ज्येष्ठ लागला, आणि १९ जूनच्या रविवारी अठरावा अध्याय पुरा झाला. अठरा अध्यायांना अठरा रविवार, मध्ये एकही चुकला नाही. खानदेशातला तो उन्हाळा अंगाची लाही करणारा असतो. त्यात दिवसभराच्या कामानंतर बंदीजन एका ग्रंथासाठी आठवड्याची वाट पाहत होते.

श्रोत्यांत पंडित थोडे आणि कार्यकर्ते फार. विनोबांनी त्यांच्याशी शेतकऱ्याच्या, विणकराच्या, आईच्या रोजच्या जगण्यातले दाखले देत बोलायचे ठरवले. त्यांनी आदल्या दोन वर्षांत गीतेचा समश्लोकी मराठी अनुवाद, ‘गीताई’, पुरा केला होता. संस्कृत येत नसलेल्या आईला गीता समजावी, ही त्यामागची ओढ होती. प्रवचने चालू असताना साने गुरुजी झरझर टिपून घेत. विनोबा थांबून लिहायला बसले नाहीत. एकाने बोलायचे आणि दुसऱ्याने निष्ठेने लिहायचे, यातून ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक जन्मले. आज ते भारतातल्या बहुतेक भाषांत वाचले जाते. साने गुरुजींनी पुढच्याच वर्षी, १९३३ च्या फेब्रुवारीत, नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली. तिच्या प्रकरणांना त्यांनी रात्री म्हटले, कारण श्याम आश्रमातल्या सोबत्यांना रोज रात्री एकेक आठवण सांगतो. सोबत्यांपुढे रोज ठरल्या वेळी बोलणे आणि ऐकणे ही सप्ताहाची घडण मराठीतल्या या लाडक्या पुस्तकात उतरली आहे.

धुळ्यात मांडव नव्हता, व्यासपीठ नव्हते, तिकीट तर नव्हतेच. जातपात आणि पेशा यांची मोजदाद तुरुंगाच्या भिंतीने बरीचशी पुसून टाकली होती. या गावाशी रानड्यांचाही संबंध होता. हिराबागेतल्या सभेनंतरच्याच वर्षी, १८७९ मध्ये, सरकारला त्यांचा संशय आला आणि त्यांची बदली धुळ्याला झाली. त्यांची पत्रे तिथे फोडून वाचली जात. माणसे एकत्र बसून वाचतात आणि बोलतात, याची दखल सत्ता नेहमीच घेत आली आहे.

मांडव आणि सभागृह या दोन्ही जगांत सारख्याच अधिकाराने वावरलेला माणूस जुन्या ठाणे जिल्ह्याच्या मुलखानेच दिला. शंकर वामन दांडेकर, म्हणजे सोनोपंत दांडेकर, हे पालघरजवळच्या केळवे-माहीमचे. जन्म १८९६ चा. पुण्याला शिकायला गेले, तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक झाले, सर परशुरामभाऊ महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. तरुणपणीच ते विष्णुबुवा जोगांच्या सहवासात आले. जोगांनी १९१७ साली आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली. कीर्तन-प्रवचन करणाऱ्याने आधी ग्रंथ शिकला पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. सोनोपंत त्या संस्थेच्या पायाभरणीपासून तिच्याशी जोडलेले. सकाळी वर्गात पाश्चात्त्य तत्त्ववेत्ते शिकवायचे आणि संध्याकाळी ज्ञानेश्वरीवर प्रवचन करायचे, असे त्यांचे आयुष्य गेले. त्यांनी सिद्ध केलेली सार्थ ज्ञानेश्वरी आज घरोघरी आहे. पारायणाला बसलेल्या वाचकाला ओवीखाली तिचा गद्य अर्थ मिळतो, तेव्हा तो फक्त उच्चार करून पुढे जात नाही, थांबू शकतो, शंका काढू शकतो. १९६८ साली सोनोपंत गेले. पालघरचे महाविद्यालय त्यांचे नाव चालवते आहे.

फुल्यांच्या प्रश्नाला उत्तर मिळायला मात्र स्वातंत्र्यानंतरचा काळ उजाडावा लागला. २ मार्च १९५८ रोजी मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले आणि अण्णा भाऊ साठ्यांनी त्याचे उद्घाटन केले. वाटेगावच्या अण्णा भाऊंना शाळा लाभली नव्हती, तमाशा आणि लोककथा ऐकत ते घडले होते. सत्तरच्या दशकात दिनकर गांगल आणि त्यांच्या मित्रांनी ‘ग्रंथाली’ ही वाचक चळवळ उभी केली. वाचकाने आधी सभासद व्हायचे, त्या बळावर पुस्तक काढायचे, ते स्वस्तात द्यायचे आणि गावोगाव नेऊन त्यावर बोलायचे, अशी तिची रीत होती. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ साली याच वाटेने वाचकांपर्यंत गेले, आणि ज्या घरांत असे जगणे कधी चर्चेत आले नव्हते, तिथेही त्यावर बोलणे सुरू झाले. लेखकांच्या मे महिन्यातल्या सभेपासून शंभर वर्षांनी वाचकाच्या हाती पुढाकार आला होता.

वसईत या सगळ्याला आणखी एक धारा मिळाली. इथल्या ख्रिस्ती समाजाच्या बोली वेगळ्या, पण उपासनेची आणि लिहिण्या-वाचण्याची भाषा मराठी. १९५५ साली वसईतून ‘सुवार्ता’ मासिक निघाले. १९८३ पासून जवळपास पाव शतक फादर फ्रान्सिस दिब्रिटो त्याचे संपादक होते. नंदाखालच्या या धर्मगुरूने मासिकाच्या पानांवर बायबलइतकेच ज्ञानोबा-तुकोबांनाही बोलते केले, आणि हरित वसईच्या लढ्यालाही शब्द दिले. बायबल सोप्या मराठीत आणण्यासाठी त्यांनी कित्येक वर्षे खर्ची घातली. ‘सुबोध बायबल’ला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला.

२०२० च्या जानेवारीत ९३ वे साहित्य संमेलन उस्मानाबादला, म्हणजे आजच्या धाराशिवला, भरले. मे महिना सोडून संमेलन एव्हाना हिवाळ्यात स्थिरावले होते. अध्यक्षपदी दिब्रिटोंची निवड झाली, तेव्हा एका ख्रिस्ती धर्मगुरूने त्या जागी बसावे का, म्हणून विरोध झाला, धमक्या आल्या. त्यांची पाठ तेव्हा दुखत होती, बसणेही कठीण होते. तरी ते गेले आणि गोरोबाकाकांच्या तेर गावाच्या त्या जिल्ह्यात त्यांनी अध्यक्षीय भाषण केले. संतांचे ऋण मानले, धर्माच्या नावाने चाललेल्या द्वेषाविरुद्ध स्पष्ट बोलले. फुल्यांनी ज्या सभेचे निमंत्रण परत पाठवले होते, तिच्याच वंशातले हे संमेलन. त्याने अध्यक्ष म्हणून वसईचा एक कॅथलिक वाचक निवडला होता, आणि मांडवात बसलेल्या हजारो माणसांनी त्याचे ऐकून घेतले.